गैरहजर खेळाडू

रविवारी दुपारी चारला सगळे टेबलाभोवती बसले, की सात वाजेपर्यंत कवळीवाल्याच्या पदरात त्याची बायको पडायची. हा त्याचा नफा. बाकीच्यांच्या वाट्याला तलवारी, भुतं आणि बिस्किटं यायची. आपला नफा वेगळा आहे हे कुणाच्या लक्षात आलेलं नाही, असा त्याचा समज होता. असे समज करून घ्यायला फारसा खर्च येत नाही.

"नदी आली," पुठ्ठ्याच्या आडोशामागून तो म्हणाला. "पात्र रुंद, पाणी काळं, पलीकडचा तीर धुक्यात. काठावर एक गाव आहे. गावात पलीकडे जायला एकच नाव आहे आणि ती गावच्या म्होरक्याच्या ताब्यात."

"म्होरक्या अंगाने कसा आहे?" मेहुण्याने विचारलं.

"दांडगा. हातात कुऱ्हाड."

"मग मी सगळ्यांच्या मागे थांबतो."

मेहुण्याने पात्र घेतलं होतं योद्ध्याचं. सहा फूट उंची, पाठीला ढाल, आणि भित्रेपणा मालकाचा स्वतःचा. शेजारी औषधांच्या दुकानाचा मालक बसायचा, तो जादूगार. दुकानात मुदत संपायला आलेला माल तो आधी पुढे काढायचा, पण इथे मात्र एकेक मंत्र असा जपायचा की राक्षस छातीवर बसला तरी म्हणायचा, "हा पुढे लागेल." तिसरी कवळीवाल्याची मुलगी. ती धनुष्य चालवायची. आणि टेबलावर चौथी बाहुली होती, खार नावाच्या चोरटीची. तिची खुर्ची रिकामी होती.

खेळ साधा आहे. एकाने सूत्रधार व्हायचं. रस्ते, राक्षस, पाऊसपाणी सगळं त्याचं. बाकीच्यांनी एकेक पात्र घेऊन त्या जगात मनाला येईल ते करायचं. जमेल की नाही अशी शंका आली की फासा टाकायचा. हारजीत नसते, गोष्ट पुढे जाते. सूत्रधाराने कितीही खपून एखादा डोंगर उभा केला तरी खेळाडू त्याला वळसा घालून भलतीकडेच निघतात, आणि त्याने 'नाही' म्हणायचं नसतं. या टेबलाचा हा पहिला नियम. तो बायकोने घालून दिला होता, कारण त्याचा सगळ्यात जास्त फायदा तिलाच व्हायचा.

कवळीवाला आठवडाभर दातांच्या दवाखान्यांसाठी कवळ्या करायचा. प्लास्टरचे साचे, मेणाच्या हिरड्या, त्यात एकेक दात बसवून घासत राहायचं. ज्यांची तोंडं त्याने कधी पाहिली नाहीत ते लोक त्याच्या दातांनी जेवत होते. उरलेल्या गुलाबी मालातून तो खेळाच्या बाहुल्या घडवायचा, त्यामुळे त्याच्या जगात राजा असो की पिशाच्च, सगळ्यांची कातडी हिरडीच्या रंगाची. नीटनेटका माणूस. वरचे दात खालच्यांवर बरोबर टेकले पाहिजेत, असा त्याचा गोष्टींच्या बाबतीतही आग्रह असायचा.

आणि बायको नेमकी उलटी. एकदा त्याने डोंगरातल्या अजगराशी मोठी लढाई रचली होती. कुठला बाण कुठून येईल इथवर सगळं ठरलेलं. बायकोची खार पुढे झाली आणि तिने अजगराला विचारलं, "गाल सुजलाय का हो तुमचा?" फासाही तिच्याच बाजूने पडला. ती सगळी दुपार अजगराची दाढ उपटण्यात गेली आणि जाताना त्याने त्यांना पाठीवर बसवून खोऱ्यापर्यंत सोडलं. दुसऱ्यांदा राजवाड्यात मेजवानी होती, कट होता, विषाचा पेला होता. खार स्वयंपाकघरात शिरली, तिथल्या बायकांशी तिची गट्टी जमली आणि राजा कधी मेला ते तिला कळलंही नाही. कवळीवाला कपाळावर हात मारायचा. मग सोमवारी काम करताना एकटाच हसायचा.

दुसरा नियम असा, की एखादा खेळाडू येऊ शकला नाही तर त्याचं पात्र त्या दिवसापुरतं सूत्रधाराने चालवायचं. मेहुणा गावाला गेला की योद्धा अचानक शूर व्हायचा. बायको रुग्णालयात गेली तेव्हा खारही तोच चालवायला लागला. संध्याकाळी तो तिच्या पलंगाशी बसून सगळं सांगायचा.

"मी काय केलं आज?" ती विचारायची.

"पुलावरून गेलीस. सगळ्यांबरोबर."

"मी? आणि सगळ्यांबरोबर?" तिने उशीवर मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. "अहो, तुम्हाला मी चालवता येत नाही."

त्यानंतर ती घरी आली नाही.

काही आठवडे खेळ बंद राहिला. मग सगळे पुन्हा जमले. मेहुण्याला वाटलं, दाजींना तेवढाच विरंगुळा. औषधवाल्याला नाही म्हणणं बरं दिसेना. मुलगी दुसऱ्या शहरात नोकरीला होती, ती बसने आली. बाबा एकटेच होते. नकाशा पसरला तेव्हा खारीची बाहुली इतरांच्या शेजारी उभी होती. प्रत्येकाला वाटलं, काय बोलायचं ते दुसरा कुणीतरी बोलेल. नियम तर होताच. खेळाडूने किती काळ गैरहजर राहावं, हे त्यात कुणी घालून ठेवलं नव्हतं.

मग खार बोलायला लागली. कवळीवाला मान जरा कलती करायचा, आवाज बारीक करायचा, वाक्याच्या शेवटी तिच्यासारखा हेल काढायचा. पहिल्या दिवशी मेहुणा उठून हात धुवायला गेला आणि बराच वेळ आला नाही. हळूहळू सवय झाली. माणसाला कशाचीही सवय होते. रविवारमागून रविवार गेले, वर्ष उलटलं, आणि खार त्यांच्याबरोबर दऱ्या उतरली, किल्ले चढली, वेळच्या वेळी कुलपं उघडत राहिली.

नदीपलीकडचा मुलूख कवळीवाल्याने कित्येक महिने खपून काढला होता. आधी म्होरक्याशी झटापट, मग नाव, मग पलीकडे आणखी काही वर्षं पुरेल एवढा प्रदेश. खारीसाठी तिकडे खास कुलपं ठेवली होती.

"मला खारीशी बोलायचंय," मुलगी म्हणाली.

"बोल."

"खारूताई, तुला पलीकडे यायचंय का?"

कवळीवाल्याची मान कलती झाली. "चला की," तो बारीक आवाजात म्हणाला. "तुम्ही जाल तिकडे मी."

मुलीने हातातला फासा टेबलावर ठेवला. टाकला नाही, ठेवला.

"बाबा, आईने कधी तुमच्या बेताप्रमाणे केलं होतं?"

"म्हणजे?"

"एकदा तरी? ही वर्षभर सगळं ऐकतेय. तुम्ही पूल दाखवलात की पुलावरून जाते. दार दाखवलंत की दारातून."

"अगं, माणूस बदलतं कधीकधी," मेहुणा समजुतीच्या सुरात म्हणाला. आपण काय बोललो ते मग त्याचं त्यालाच ऐकू आलं आणि त्याने बिस्किटांची बशी उगाच सरळ केली.

कवळीवाला म्हणाला की खेळात असं चालतंच, सूत्रधाराला सगळी पात्रं सांभाळावी लागतात. मुलीने ते पूर्ण ऐकून घेतलं. तिला भांडायचं नव्हतं. आवाज चढवला असता तर त्याला सोपं गेलं असतं.

"मला आईचा आवाज आठवत नाही आता," ती म्हणाली. "आठवायला गेलं की तुमचा येतो. हा, बारीक केलेला. आधी वाटलं, तुम्हाला बरं वाटतंय ना, मग असू दे. पण माझ्याजवळ तिचं तेवढंच होतं, बाबा."

भिंतीवरचा पंखा फिरत होता. नकाशाचा एक कोपरा उडायला लागला, औषधवाल्याने त्यावर बोट ठेवलं.

कवळीवाल्याने आपल्या नफ्याची दुसरी बाजू तोवर कधी पाहिली नव्हती. दर रविवारचे ते तीन तास कुठूनतरी येत होते. कुठून, ते विचारण्याची त्याला गरज पडली नव्हती. ते समोरच्या, मुलीच्या खुर्चीवरून येत होते. तो खारीला जितकं बोलतं करत होता, तितकी मुलीच्या आत तिची आई गप्प होत होती. आणि पोर दर रविवारी बसचं तिकीट काढून आपल्यातली आई द्यायला येत होती.

"मी म्होरक्याशी लढत नाही," मुलगी पुढे म्हणाली, आता खेळातल्या आवाजात. "मी त्याला विचारते, गावात एखादं रिकामं घर आहे का. खारीसाठी. ती इथे राहील, आम्ही पुढे जाऊ. हा माझा डाव."

म्होरक्याला कुणी घर विचारेल असं कवळीवाल्याने धरलंच नव्हतं. 'नाही' म्हणता येत नव्हतं, पण फासा पुठ्ठ्यामागे टाकता येत होता. आकडा एकट्यालाच दिसणार. म्होरक्या "घर नाही" म्हणाला असता तर गोष्ट तिथेच मिटली असती, आणि त्याला कुणी खोटं पाडलं नसतं.

फासा घरंगळल्याचा आवाज आला. किती पडले होते ते त्याने कधीच कुणाला सांगितलं नाही.

"घर आहे," तो म्हणाला. "नदीकडे तोंड करून. छप्पर गळतं."

मुलीने मान हलवली. ती बाहुलीकडे हात नेणार एवढ्यात औषधवाला खाकरला. हा माणूस गल्ल्यावरही मोजकंच बोलायचा.

"पण तिला विचारायला हवं ना?" तो म्हणाला. "आपण परस्पर कसं ठरवायचं?"

त्याचा हेतू चांगला होता. तिघांनीही कवळीवाल्याकडे पाहिलं.

त्याने मान कलती केली नाही. आवाजही बारीक केला नाही. तो स्वतःच्याच जाड्या, थकलेल्या आवाजात बोलायला लागला.

"गळकं छप्पर मला देताय आणि स्वतः धुक्यात फिरायला निघालात," तो म्हणाला. "छान आहे. पलीकडे काय असणार ते मला ठाऊक आहे. डोंगर असेल, डोंगरात गुहा असेल, गुहेत कुणीतरी रागावून बसलेलं असेल. यांचं सगळीकडे तेच असतं. मी नाही येत."

मेहुण्याला हसू फुटलं. पोटातून आलं, आवरता आवरलं नाही, आणि मग ते हसूही राहिलं नाही. त्याने चष्मा काढून टेबलावर ठेवला. ती बहीणच बोलत होती. वर्षभरात पहिल्यांदा.

"खारूताई, राहशील ना नीट?" मुलीने विचारलं.

"मला काय धाड भरलीय? गाव बोलकं दिसतंय. सकाळी बाजारात जाईन, कोण कोणाशी बोलत नाही ते दुपारपर्यंत कळेल." कवळीवाला मुलीकडे वळला. "यांना एक सांग. माझ्यासाठी रस्ता वळवून पुन्हा या गावाला आणायचं नाही. यांना खोड आहे तशी. आणलं तरी मी घरी सापडणार नाही."

"सांगते, आई."

खुर्च्यांचा आवाज झाला नाही, कुणी कुणाच्या खांद्यावर हात ठेवला नाही. पुठ्ठ्याच्या पलीकडे मुलगी रडत होती, तोंड न लपवता, लहानपणी रडायची तशी. कवळीवाल्याने तीन बाहुल्या उचलून नावेत ठेवल्या. चौथीला हात लावला नाही.

"नाव सुटली," तो म्हणाला, सूत्रधाराच्या आवाजात. "पाणी संथ आहे. कोण वल्हवतंय?"

"मी," मेहुणा म्हणाला. "भीती वाटतेय, पण वल्हवतो."

त्या दिवशीही खेळ सातपर्यंत चालला. आधी कुणी उठायचं, हे कुणाला ठरवता आलं नाही.

हिशेब मांडायचाच तर तो असा. खारीला घर मिळालं, छपरासकट. मेहुण्याला बहिणीवर हसता आलं आणि त्यामुळे रडताही आलं. तो त्या रात्री म्हणे बिछान्यावर पडल्या पडल्या झोपला. औषधवाल्याला काय मिळालं ते सांगणं कठीण आहे, पण दुकानात आता तो गिऱ्हाइकांना "घरचे कसे आहेत?" असं विचारतो आणि उत्तर ऐकायला थांबतो. मुलीला आईचा आवाज लगेच परत मिळाला नाही. बऱ्याच दिवसांनी एका सकाळी बसमध्ये, खिडकीला डोकं टेकलेलं असताना, तो अचानक आला. तिने उतरल्याबरोबर बाबांना फोन केला.

"काय म्हणत होती?" त्याने विचारलं.

"नीट ऐकू नाही आलं. कशावरून तरी वैतागली होती. पण तीच होती, बाबा. शंभर टक्के."

"बरं झालं," तो म्हणाला. ते त्याने मनापासून म्हटलं होतं.

या सगळ्याची किंमत एकट्या कवळीवाल्याने मोजली, आणि ती त्याच्या बोलण्यावरून कुणाला कळत नाही. खरं तर बोलण्यावरूनच कळायला हवी. वर्षभर रविवारी दोन आवाजांत बोलून बोलून सोमवारी त्याचा घसा बसलेला असायचा. दवाखान्यांचे फोन आले की तो हं, हो, एवढंच करायचा. आता रविवारी तो एकाच आवाजात बोलतो, आणि सोमवारी फोन उचलला की पलीकडची डॉक्टरीण म्हणते, आज आवाज अगदी मोकळा वाटतोय तुमचा. तो "हो" म्हणतो, आणि दात कुठल्या छटेचे हवेत ते विचारतो.