फाटक्या मोजफितीचा घोळ

मित्रांनो, मी एक जुनी कापडी मोजफीत आहे, आणि खरं सांगते, माझं डोकं अजून चक्रावलेलंच आहे. मी खोटं बोलले की खरं, हेच मला कळत नाही. तुम्हीच ऐका आणि ठरवा.

कारखान्यातून मी थेट जंगलात आले. टणक लाकडाच्या झाडांचं जंगल होतं ते. तिथे चाळीस वर्षं चालायचा एक अभ्यास नुकताच सुरू झाला होता. दर पाच वर्षांनी तीच झाडं, तोच छातीच्या उंचीवरचा घेर. जंगल जेवढं वाढेल तेवढंच तोडायचं, असा नियम. वाढ किती झाली ते सांगणार मी. केवढा मान! पण पाच वर्षांत झाड बोटभर जाड होणार, त्यासाठी एवढी पायपीट कशाला, हे मला तेव्हाही समजत नसे.

मोजणीदार काका मला जिवापाड जपत. एकदा ओढाताणीत माझं टोक फाटलं. पहिले आठेक सेंटीमीटर गेले. काकांनी उरलेलं टोक दहाच्या खुणेवर दुमडून त्यात पितळी कडी शिवली आणि दर वेळी मनातल्या मनात दहा वजा करून आकडा सांगू लागले.

"काका, हे वहीत लिहा की," सोबतचा वनरक्षक म्हणाला.

"त्यात लिहायचं काय? माझ्या डोक्यात आहे ना!"

काका निवृत्त झाले आणि मी संशोधक बाईंच्या हाती आले. बाई कामाला वाघ. पण कडीखालचं टोक उलगडून कोण बघतं? मी दाखवला तो आकडा त्यांनी लिहिला. एकूण एक झाड दहा सेंटीमीटर जास्तच भरलं! कचेरीत आनंदीआनंद. "जंगल जोमात आहे," साहेब म्हणाले आणि तोडायच्या झाडांची संख्या दुप्पट झाली. मीही फुशारले, का ते ठाऊक नाही.

करवती सुरू होऊन आठवडा झाला, तेव्हा बाई यादी पडताळत एका वाळलेल्या झाडापाशी थबकल्या. ते मरून आठ वर्षं झाली होती. वहीत मात्र गेल्या पाच वर्षांत तेही वाढलेलं.

"अगं बाई, मेलेलं झाड वाढेल कसं?" म्हणत त्यांनी पुन्हा वही तपासली. मग त्यांनी काकांना बोलावून घेतलं.

काकांनी माझी कडी चाचपली आणि त्यांचा चेहरा उतरला.

"पोरी, दहा वजा करायचे असतात. तुला सांगायचं राहूनच गेलं."

"तोड थांबवते मी. पण काका, ही फाटली कुठल्या वर्षी?"

"तिसऱ्या मोजणीला. की चौथ्या? थांब हं..."

"आणि वजा करायला कधी विसरला नाहीत ना?"

काका माझी कडी बोटांत फिरवत राहिले. "माहीत नाही गं," ते म्हणाले.

तोवर एकेचाळीस झाडं आडवी झाली होती. आता बाई आणि काका रोज त्यांच्या खुंटांवरची वर्तुळं मोजतात. एक वर्तुळ म्हणजे एक वर्ष. वहीतला कुठला आकडा खरा, हे पडलेल्या झाडांनाच विचारावं लागतंय.

मित्रांनो, वस्तू मोडली तर मोडू द्या, पण ते लिहून ठेवा. काल काकांनी एका खुंटावर हात ठेवून विचारलं, "हे माझ्यामुळे गेलं का गं?" बाई पुढचं वर्तुळ मोजू लागल्या.