फॅट मशीनमधला कच्चा टाका

मी ज्वारीच्या दाण्याहून लहान आहे, तरी आज बोलणार. मी सोल्डरचा टाका, कथिलाचा एक थेंब. मशीनच्या हिरव्या पट्टीवर तांब्याची चकती असते. तिला तार जोडून धरणं हे माझं काम. गेवराई तालुक्यातल्या एका दूध संस्थेचं, दुधातली फॅट आणि पाणी मोजणारं फॅट मशीन हे माझं घर.

जन्म घाईत झाला. म्हाळू मेकॅनिकनं तार घासली नाही, चकती तापवली नाही. नुसतं कथील वितळवून वर सोडलं. टाका गार होईस्तोवर तार हलवायची नसते. पण संस्थेचे अध्यक्ष सुंदरराव डोक्यावर उभे. "उरक बे! दुधाची गाडी यायलीय." म्हाळूनं फुंकर मारली, तार ओढून पाहिली आणि झाकण लावलं. मी वरून गोल गरगरीत, एखाद्या संचालकासारखा. पकड मात्र कशावरच नाही.

मशीन गार असलं की मी तारेला टेकून असायचो. तापलं की बारीक फट पडायची आणि आकडा बिघडायचा. आता संस्थेची रीत पाहा. रांगेत आधी कोणीही येवो, पहिली किटली सुंदररावांची, मग संचालकांची. बायाबापड्या शेवटी, मशीन तापल्यावर. त्यामुळे पुढाऱ्यांच्या म्हशी रोज पास आणि सरस्वतीबाईच्या दुधात रोज पाणी!

तिची एकच म्हैस. दूध बंद झालं तर पुन्हा कोयता घेऊन ऊसतोडीला जायचं.

तिसऱ्या दिवशी दूध तपासणारा राधाकिशन म्हणाला, "काकू, पाणी तीस टक्के. उद्यापासून तुमचं दूध बंद."

"आरं, चार दिसाआड टँकर येतोय. प्यायला घागर न्हाई, दुधात कुठून घालू?"

"मशीन खोटं बोलतंय काय?" सुंदरराव गुरगुरले.

"मग तुमचं दूध पुन्यांदा लावा. आत्ता, माझ्यामागं."

रांगेतली एकही बाई जागची हलली नाही. राधाकिशननं अध्यक्षांच्या किटलीतलं दूध लावलं. मला कुणाची भीड? पाणी चौतीस टक्के!

"आता कळलं टँकर कुठं रिकामा हुतोय ते," रांगेतली सारजाबाई मागून म्हणाली. सगळी रांग हसली.

"मशीन बिघडलंय!" सुंदरराव ओरडले. "म्हाळूला बोलवा!"

बाईचं दूध पातळ निघालं तेव्हा बाई लबाड होती. अध्यक्षांचं निघालं, तर क्षणात मशीन लबाड ठरलं.

म्हाळूनं झाकण काढलं आणि मला बघून मान खाली घातली. या वेळी त्यानं तार घासली, कथील नीट धरावं म्हणून फ्लक्स लावला, सोल्डरिंगचं गरम टोक तार आणि चकती दोन्हींना एकदम टेकवलं, मग कथील दिलं. मी वितळून दोघांच्या अंगाशी पसरलो. सुंदरराव काही बोलणार, तोच सरस्वतीबाईनं हात आडवा केला. "गप ऱ्हावा. गार हू द्या त्याला."

मग तिचं दूध लागलं. पाणी शून्य. माफी कुणी मागितली नाही. सहकारात तशी तरतूद नसावी. म्हाळू निघाला, राधाकिशन मशीन पुसायला लागला. बाई काही जाईना.

"आता कावून थांबलाव, काकू?"

"माझ्याबरूबर ह्या चौघींचं बी दूध परत केलतं. त्यांचं लाव."

एकेक किटली पुढं आली. चारही वेळा शून्य.

आता मी पक्का आहे. फक्त एवढं ऐका: यंत्राचा आकडा दाखवून कुणाला चोर म्हणायचं असेल, तर आधी झाकण उघडा. आत माझ्यासारखा कुणीतरी असतो, आणि त्याला स्वतःहून बोलता येत नाही.