काजू कतलीचा डबा आणि वर्षानंतरचा फोन

मित्रांनो, मी पत्र्याचा एक जुना डबा. माझ्या झाकणावर अजून 'काजू कतली' असे लिहिलेले आहे, त्यामुळे घरी येणारा प्रत्येक पाहुणा एकदा तरी मला उघडतो आणि हिरमुसतो. माझ्या पोटात कार्डे आहेत.

माझा जन्म गाझियाबादच्या एका कारखान्यात झाला. दिवाळीला मिठाई भरून मी श्रीरंगकाकांच्या दिल्लीतल्या सरकारी कार्यालयात भेट म्हणून पोहोचलो आणि मेट्रोत त्यांच्या मांडीवर बसून पुन्हा गाझियाबादला, त्यांच्या घरी आलो. मिठाई दोन दिवसांत संपली. एरवी मी डाळ नाहीतर सुया-दोरे सांभाळत बसलो असतो. पण काकांच्या पत्नी हेमलताकाकूंनी मला धुऊन उन्हात ठेवले आणि वेगळे काम दिले.

काकू निवृत्त शिक्षिका होत्या. महाराष्ट्रातल्या लहान गावांतून स्पर्धा परीक्षांसाठी दिल्लीत आलेली मुले दर रविवारी त्यांच्याकडे येत. कोणता अभ्यासक्रम घ्यावा, कोणती नोकरी बघावी, परीक्षा सोडावी की नाही, हे विचारत. काकू सल्ला देत आणि खाऊ घालत.

एकदा त्यांचा भाचा मानस गुरुग्रामहून आला.

"मावशी, सहा वर्षांत दीडशे मुलं आली म्हणतेस. अच्छा. पण त्यांना उपयोग झाला का, हे तुला कसं कळतं?"

काकूंनी कार्डे आणली. सल्ल्याचा किती उपयोग झाला, याचे दहापैकी गुण प्रत्येकाने जाताना लिहायचे. काही महिन्यांत मी निम्मा भरलो. सगळ्या कार्डांवर दहा! एकाने तर अकरा दिले होते. मला फार अभिमान वाटला.

मानसने कार्डे चाळली आणि तो हसत सुटला. "समोर बसवून, गरम थालीपीठ वाढून मार्क मागतेस? हे थालीपिठाचे मार्क आहेत यार!"

काकू रागावल्या नाहीत. विचार करून काकांना म्हणाल्या, "अहो, वर्षानंतर फोन करून विचारायचं. आणि फोन तुम्ही करायचा."

"मी का?"

"माझ्या तोंडावर कुणी खरं बोलत नाही. तुम्हाला काय, कुणीच भीत नाही."

तीन प्रश्न ठरले. सध्या काय करतोस? ते तू स्वतः ठरवलेस का? काकूंचे काय चुकले? तिसऱ्या प्रश्नाला मुले अडखळत. काका थांबत, आणि सांगतील ते जसेच्या तसे लिहीत. 'काकू मला बोलूच देत नव्हत्या,' असे एकाने सांगितले. ते वाचून पुढच्या रविवारी काकूंनी समोर घड्याळ ठेवले आणि अर्धा तास नुसते ऐकून घेतले. ते कार्ड मला दहा गुणांच्या कार्डांपेक्षा जड वाटते.

मग हिंगोलीची अक्षता आली. तिने चार वेळा परीक्षा दिली होती. काकू तिला म्हणाल्या, "आता थांब, बाळा." ती थालीपिठाला हात न लावता उठून गेली.

त्या हिवाळ्यात काकू आजारी पडल्या. अंथरुणातून विचारत, "अक्षताचा फोन झाला का?"

"वर्ष व्हायचंय अजून," काका सांगत.

"मी त्या पोरीचं नुकसान तर नाही ना केलं?"

उत्तर मिळायच्या आधी काकू गेल्या.

काकांनी मला कपाटावर ठेवले. माझ्यावर धूळ बसली, मग वर्तमानपत्रांचे गठ्ठे आले. अक्षताचे वर्ष भरले, वर चार महिने गेले. काका खाली उभे राहून माझ्याकडे बघत आणि निघून जात. मानसने विचारले तेव्हा ते म्हणाले, "काकूंनी माझं वाटोळं केलं, असं ती म्हणाली तर? हेमाला आता काही दुरुस्त करता येणार नाही रे."

मानस म्हणाला, "तर तसं लिहा, काका. मावशीनं लिहायलाच लावलं असतं."

काकांनी मला खाली उतरवले. फोन लावला.

अक्षता हिंगोलीत माती तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करत होती. ते तिने स्वतःच ठरवले होते. काकांनी तिसरा प्रश्न विचारला.

"थांबायला सांगितलं ते बरोबरच होतं. पण घरी कसं सांगायचं, ते नाही सांगितलं काकूंनी. पाच महिने मी आईला अभ्यास चालू आहे म्हणत होते. रोज खोटं! काकूंना द्या ना फोन, मला भांडायचंय त्यांच्याशी."

काकू गेल्याचे काकांनी सांगितले.

मग ती म्हणाली, "काका, मी बोलले ते खोडू नका. लिहा. आणि कुणाला घरी सांगता येत नसेल तर माझा नंबर द्या. त्यांच्या आईशी मी बोलेन."

काकांनी सगळे लिहिले. आता रविवारी मानस मुलांशी बोलायला बसतो. गेल्या महिन्यात दोघांनी अक्षताचा नंबर नेला.

मित्रांनो, तुम्हालाही कुणीतरी सल्ला देईल. निघताना आभार माना, पण तेवढ्यावर थांबू नका. पुढे काय झाले ते त्यांना कळवा. जमले नसेल तर तेही कळवा, त्यांचे चुकले असेल तर तेही. फक्त फार उशीर करू नका. अक्षताला काकूंशी भांडायचे होते, आणि काकूंना ते भांडण हवे होते.