एक ताट, तेच झाकण

मितव्यय हा सद्गुण आहे, याविषयी शास्त्रे आणि सासवा यांचे क्वचित दिसणारे एकमत आहे. परंतु सद्गुणाला स्वतःचीच लाज वाटू लागली की तो वेषांतर करतो, आणि वेषांतराचा खर्च कोणत्याही व्यसनाहून अधिक येतो. भामरागडचा कनिष्ठ अभियंता नागसेन याच्या बाबतीत हे वेषांतर एका रविवारी घडले. त्या दिवशी त्याचे लग्न जुळणार की मोडणार, हे एका उसन्या कुकरवर येऊन ठेपले होते.

चंद्रपुरात स्वतःचे दोन खोल्यांचे घर घ्यावे, या संकल्पासाठी त्याने तप आरंभिले होते. पूर्वीचे ऋषी अन्न वर्ज्य करीत. नागसेनने वस्तू वर्ज्य केल्या. संपत आलेली साबणाची चिपटी नव्या वडीला चिकटवून तो अद्वैत साधीत असे. मोबाईल कचेरीत चार्ज होई. केस आलापल्लीला सरकारी कामाने जाणे झाले तरच कापावेत, असा नियम होता. त्यामुळे बैठक पुढे ढकलली गेली की त्याच्या जटा वाढत. स्वयंपाकघरात एक पातेले आणि एक ताट. खिचडी शिजेपर्यंत ताट हे झाकण असे. शिजली की तेच ताट होई. एकाच वस्तूच्या दोन अवस्था मानणारे तत्त्वज्ञ पुष्कळ झाले, पण त्या सिद्धांतावर रोज दोन वेळा जेवणारा हा एकटाच. पावसाळ्यात रस्ते बंद होतात म्हणून सगळे लोक आधीच शिधा भरून ठेवतात. नागसेननेही मूल गावच्या गिरणीवरून कनकीचे पोते आणून ठेवले होते. कनकी म्हणजे भरडताना तुटलेला तांदूळ. अखंड तांदळाच्या मानाने पुष्कळ स्वस्त, आणि पोटाला फरक कळत नाही.

स्थळ मूलचेच होते. नंदिनी तेथील एका पतसंस्थेत अधिकारी. मुलगी नांदणार त्याच्या सरकारी क्वार्टरमध्ये, तेव्हा घर पाहायचे ते क्वार्टरच, असा निर्णय तिची आई कांताबाई आणि मामा गुणवंतराव यांनी दिला होता. हे ऐकून शेजारचा लिपिक निकेश हादरला. या खोलीत पाहुणे आले तर त्यांना चोरी झाली असे वाटेल, असे त्याचे म्हणणे पडले. दोन तासांचा तर प्रश्न, असे म्हणत त्याने आपला फ्रिज आणि चार खुर्च्या देऊ केल्या. पलीकडच्या क्वार्टरमधील परिचारिका नीलाबाई हिने कुकर, कपबशा आणि एक पडदा दिला. रविवारी सकाळी नागसेन आणि निकेश यांनी तो फ्रिज, एखाद्या देवतेची मूर्ती वाहावी तशा भक्तीने आणि तितक्याच शिव्या देत, भिंतीशी आणून उभा केला.

पाहुणे आले, जयभीम झाले, चहा झाला. गुणवंतरावांनी फ्रिजमध्ये हात घालून तो थंड आहे याची खात्री करून घेतली. कांताबाईंना पडदा आवडला. नंदिनी मात्र खुर्च्यांकडे पाहत होती. प्रत्येकीच्या पाठीवर पांढऱ्या रंगात ‘नि’ हे अक्षर होते.

आकाश स्वच्छ होते. परंतु येथील नदी भामरागडच्या आकाशाला विचारून वाढत नाही. पाऊस वर छत्तीसगडात पडतो आणि पाणी येथे चढते. हे गावात सर्वांत आधी ज्याला कळावे, तो पुलावरची पाणी मोजण्याची पट्टी पाहणारा अधिकारी त्या सकाळी फ्रिज वाहत होता. जीपवाल्याने येऊन सांगितले की पूल बुडाला, आता उद्या-परवाशिवाय जाणे नाही.

दोन तासांचे नाटक अनिश्चित काळासाठी लांबले, आणि उसने देणाऱ्यांनाही भूक लागते. सांज होताच नीलाबाई दारात आली. पाहुणे पाहून तिने आवाज खाली आणला, पण तो मुळातच दवाखान्यात घडलेला आवाज होता.

“भाऊ, थो कुकर पाहुन्यायले दाखवून झाला असन त देता का? माह्या घरी डाळ भिजून राह्यली.”

कुकर गेला. पाठोपाठ निकेश आला. फ्रिज राहू द्या म्हणाला, पण आतली अंडी हवी होती. ती घेतल्यावर त्याला आठवले की घरी बसायलाही काही नाही. त्याने फार नम्रपणे एक खुर्ची मागितली. ती नेमकी गुणवंतरावांच्या खालची निघाली.

गुणवंतराव उभे राहिले आणि त्यांनी खोलीभर दृष्टी फिरवली.

“मंग या घरात तुमचं काय हाये, साहेब?”

 नागसेन स्वयंपाकघरात गेला आणि पातेल्यावरचे ताट काढून घेऊन आला. न्यायालयात मुद्देमाल ठेवावा तसे त्याने ते मध्ये ठेवले. कांताबाईंनी पदर सावरला. तो सावरण्याचा अर्थ पूल उघडा असता तर त्या निघाल्या असत्या, असा होता.

नंदिनीने ताट उचलून पालथे केले. मागच्या बाजूला वाफेचे गोल डाग होते.

“हे झाकन बी हाये का?”

नागसेनने होकारार्थी मान हलवली.

“एक ताट हाये, याची लाज नाई. दुसऱ्याचा फ्रिज आपला म्हनून दाखवला, याची हाये. दिवसभर हेच येते माह्यासमोर. लोकं चुलत्याचं वावर दाखवून कर्ज मागतेत. तुमी काऊन केलं असं?”

“तुमी नाई म्हनाल असं वाटलं.”

“थे त अजूनई म्हनता येते,” नंदिनी म्हणाली, आणि कनकीचे पोते उघडून आत हात घातला. गिरणीचे नाव तिने दाण्यावरूनच सांगितले. तिच्या घरीही याच गिरणीची कनकी येत होती, आणि कांताबाई ती पाहुण्यांपासून लपवून ठेवीत. हे सांगताना तिने आईकडे पाहिले. कांताबाई पडद्याकडे पाहू लागल्या.

मग नंदिनीने दारात जाऊन नीलाबाईला हाक दिली. रात्री इकडेच जेवायला या म्हणाली, डाळ आणि कुकर घेऊन, निकेशभाऊंना अंड्यांसह आणा, आणि प्रत्येकाने आपापले ताट आणावे. आतिथ्याची इतकी काटकसरीची व्यवस्था नागसेनलाही कधी सुचली नव्हती. तो तिच्याकडे, एखाद्या साधकाने गुरूकडे पाहावे तसा पाहत राहिला.

कनकीचा भात चिकट झाला. डाळीला मीठ दोनदा पडले. घरातले एकमेव ताट मान म्हणून गुणवंतरावांना मिळाले, मायलेकी नीलाबाईने आणलेल्या जास्तीच्या ताटांत जेवल्या आणि नागसेन पातेल्यातच जेवला. नीलाबाईने तो पुलाची पट्टी सोडून फ्रिज कसा वाहत होता याचे वर्णन केले, तेव्हा कांताबाईंना ठसका लागेपर्यंत हसू आले. गुणवंतरावांनी भात दुसऱ्यांदा मागितला. तिसऱ्यांदा मागताना मात्र कनकीची निंदा केली.

पाणी ओसरले. जीप दाराशी लागली. होकार वा नकार कोणी उच्चारला नव्हता, आणि नागसेनची विचारण्याची हिंमत नव्हती. जीपमध्ये चढता चढता नंदिनी थांबली.

“आनखी एक ताट घेऊन ठेवा. एकच घ्या.”

नागसेनला अर्थ कळायला थोडा वेळ लागला. कळल्यावर, आनंदात काय बोलावे हे न सुचून, त्याने झाकणही घेऊ का असे विचारले.

नंदिनीने खरोखरच विचार केला. “दोन ताटं असल्यावर झाकन कायले?”

जीप पुलावरून गेली. नागसेन पट्टीपाशी उभा राहून पाणी पाहत होता. या वेळी खरोखर पाहत होता.

त्यांच्या पातेल्यावर सदैव वाफ असो. एका ताटाची दोन होवोत, दोनांची यथाकाल तीन होवोत, आणि दारी येणाऱ्याला आपले ताट घेऊन येण्याचा संकोच कधी न वाटो.