म्हणे, साच्यातच खोट!

मी साचा बोलतोय. मी विमान नाही आणि विमानाचा तुकडाही नाही. ज्याच्या अंगावर हौसेने उडवायच्या छोट्या विमानाची पाठ घडते, तो पाइनच्या लाकडाचा हातभर लांबीचा ठोकळा. पुढे गुबगुबीत, मागे निमुळता, खालून सपाट. पालथी घातलेली होडी म्हणा हवं तर.

माझं काम समजायला सोपं आहे. बाल्सा या अगदी हलक्या लाकडाची पातळ फळी गरम पाण्यात भिजवायची. पाण्यात थोडा अमोनिया टाकला की ती चामड्यासारखी मऊ होते. मग ती माझ्या पाठीवर घालायची, हळूहळू दाबत वळवायची आणि वरून ताणल्या जाणाऱ्या कापडी पट्टीने घट्ट गुंडाळून वाळू द्यायची. पट्टी सोडली की भुईमुगाच्या टरफलासारखी हलकी, पोकळ पाठ सुटून येते. ती विमानाला चिकटते आणि विमान आकाशात जातं. मी तळघरात राहतो. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार वेगळीच आहे.

मला घडवलं झेनॉन पावलिकने, हॅमट्रॅमिक नावाच्या अमेरिकन गावातल्या त्याच्या घराच्या तळघरात. तो मोटारींच्या कारखान्यात लाकडी नमुने कोरायचा. त्या नमुन्यांवरून वाळूत ठसा उठायचा आणि त्यात लोखंड ओतलं जायचं. असा माणूस जेव्हा घरी हौसेने रंधा हातात घेतो, तेव्हा लाकडानेही स्वतःला भाग्यवान समजावं. पुठ्ठ्याचा आकार माझ्या अंगाला लावून तो दिव्यासमोर धरायचा. फटीतून उजेड दिसायचा थांबला, तेव्हा कुठे त्याने मला घासणं थांबवलं. मी दोन्ही बाजूंनी सारखा होतो. हे मी छाती ठोकून सांगतो, कारण पुढे याच गोष्टीवरून माझी फार बदनामी झाली.

सुरुवातीची वर्षं सुखाची गेली. माझ्यावर घडलेली विमानं दोन बारीक तारांच्या टोकाला बांधून झेनॉन गोल गोल उडवायचा, कोलांट्या मारायला लावायचा. रविवारी चर्चहून आलं की सरळ मैदानावर. संध्याकाळी जिन्यावरून त्याच्या आणि त्याच्या मेव्हण्याच्या, लुत्सियानच्या, गप्पा ऐकू यायच्या. इंजिन असं, पंख तसे. पाठीचं कौतुक कुणी करायचं नाही. असो.

मग एका हिवाळ्यानंतर तडे जायला लागले.

फळी भिजवली, माझ्यावर घातली, गुंडाळली, वाळली. पट्टी सोडली, तर नाकाजवळच्या वळणावर उजव्या अंगाला तडा आणि डाव्या अंगाला सुरकुत्या. दुसरी फळी घेतली, तेच. तिसरी घेतली, तेच. लुत्सियान बिअरची बाटली घेऊन जिना उतरायचा आणि कोपऱ्यातल्या तुकड्यांकडे बघून म्हणायचा, “काय मेव्हणे, आज पण सरपणच का?”

“फळी भिकार आहे,” झेनॉन म्हणायचा. “दुकानदाराने उरलासुरला माल गळ्यात मारला.”

फळी बदलली. मग दोष अमोनियाला गेला. मग ब्रोंकाच्या भट्टीला. ब्रोंका म्हणजे त्याची बायको. फळी लवकर वाळावी म्हणून तो मला तिच्या केक भाजायच्या भट्टीत मंद आचेवर ठेवायचा. एका रविवारी खसखशीच्या केकला अमोनियाचा वास आला आणि तिने मला चिमट्याने उचलून दाराबाहेर ठेवलं. त्यात माझी काय चूक?

आणि शेवटी दोष माझ्यावर आला.

“साच्यातच खोट आहे,” एक दिवस तो म्हणाला आणि कानस घेऊन माझी उजवी बाजू घासायला लागला. इतकी वर्षं काटेकोर राहिलेली माझी बाजू! पुढची पाठ ढिली निघाली, म्हणून त्याने तिथे लांबी, म्हणजे भेगा बुजवायचं लुकण, भरली. ती जास्त झाली, म्हणून परत घासली. मी घासला जात होतो, भरला जात होतो आणि तडा मात्र जिथल्या तिथे पडत होता.

मला खरं कारण ठाऊक होतं. माझ्या अंगावर दोन्ही हात तर त्याचेच असायचे! उजवा पट्टी ओढायचा, डावा फळी दाबून धरायचा. तो डावा हात थरथरत होता. आधी अगदी बारीक, दूरवर मोठी गाडी गेल्यावर जमीन हलते तसा. मग उघड. डावीकडे दाब सुटला की तो भरपाई म्हणून उजवीकडे जोरात ओढायचा आणि तिथे फळी फुटायची. एवढी साधी गोष्ट! मला तोंड असतं, तर पहिल्याच दिवशी सांगितली असती. लाकडाच्या जन्माला आल्याचं दुःख मला फक्त त्या दिवसांत झालं.

जूनमध्ये एका दुपारी सगळ्यात चांगली, राखून ठेवलेली फळी फुटली. झेनॉनने मला भिंतीवर भिरकावलं. माझ्या शेपटीचा एक कपचा उडाला.

ब्रोंका तेव्हाच धुण्याची पाटी घेऊन खाली येत होती. तिने पाटी ठेवली आणि मला उचललं.

“काय झालं?”

“काही नाही. साच्यातच खोट आहे.”

“साच्यात?” ती माझ्यावरची धूळ पदराने पुसावी तशी एप्रनने पुसत म्हणाली. “झेनॉन, ख्रिसमसपासून तुझ्या शर्टाची बटणं मी लावतेय. तुला काय वाटलं, लाडानं?”

त्याने डावा हात खिशात घातला. “तळघरात गारठा असतो.”

“जून आहे.”

मग तो हळूच म्हणाला, “कारखान्यात कुणाला बोललीस?”

“मी कशाला बोलू? त्यांना डोळे नाहीत का?”

“कामाच्या बेंचवरून काढतील गं मला. हात गेला तर मी कोण? दुसरं येतं काय मला?”

“अजून फळी आहे?” तिने विचारलं.

“एक आहे. जराशी जाड.”

“पाणी तापव.”

ब्रोंका इस्पितळात मोडलेल्या हातापायांना पट्ट्या बांधायची. तिने माझ्या पाठीवर ओली फळी घातली आणि एखाद्या पोराचा पाय बांधावा तशी मला बांधायला लागली.

“नाकाकडून सुरू कर,” झेनॉन म्हणाला.

“बारीक टोकाकडून. पट्टी नेहमी बारीक बाजूकडून जाड बाजूकडे जाते. गप्प बस.”

“पण फळीचं—”

“गप्प बस म्हटलं ना! हां, नाकाशी घडी पडतेय. तिथे काय करायचं?”

“तिथे काप दे. बारीक. लाकडाच्या रेषांच्या दिशेने.”

तिने काप दिला. मला किती दिवसांनी दोन्ही बाजूंनी सारखा दाब जाणवला! पाठ वाळली, सुटली. तडा नाही, सुरकुती नाही. झेनॉनने ती दिव्यासमोर धरली. उजेड आतून गुलाबी दिसत होता आणि पाठ त्याच्या हातात पानासारखी हलत होती. या वेळी त्याने हात लपवला नाही.

“शेपटीकडे जरा सैल आहे,” तो म्हणाला.

“वा! पाठ मिळाली नाही तोच तक्रार तयार.”

पुढच्याच आठवड्यात ती त्याला डॉक्टरकडे घेऊन गेली. दुखण्याला नाव मिळालं, औषध मिळालं नाही. कारखान्याने त्याला बेंचवरून उठवून हत्यारं वाटायच्या खिडकीत बसवलं. ते विमान पूर्ण झालं, पण मैदानावर तारांची मूठ लुत्सियानच्या हाती होती. त्या संध्याकाळी जिन्यावर लुत्सियान ओरडत आला, “काय वळतं ते, मेव्हणे! लोण्यात सुरी!” झेनॉन एवढंच म्हणाला, “तिसरी कोलांटी उशिरा घेतलीस,” आणि मला कोबीच्या लोणच्याच्या बरण्यांमागे ठेवून दिवा मालवून गेला.

त्यानंतर मी नुसता पडून राहिलो. लुत्सियानने मला कितीदा मागितलं! “माझ्यानंतर ने,” असं झेनॉन म्हणायचा. आंबट वासात बसून मी चरफडायचो. अरे बाबा, तुझा हात थकला असेल, माझी पाठ थकलेली नाही. एखादी गोष्ट आपल्याच्याने होत नाही, म्हणून ती दुसऱ्यालाही करू द्यायची नाही, ही माणसांची कुठली रीत?

मग एका शनिवारी तो स्वतःच खाली आला. मला दोन्ही हातांनी छातीशी कवटाळून, पाय ओढत, गल्लीपलीकडच्या लुत्सियानच्या गॅरेजमध्ये घेऊन गेला.

“हा घे,” तो म्हणाला. “मी भरलेली लांबी काढून टाक, कमी झालंय तिथे लाकडाची चिप लाव. पण यापुढे याला घासायचं नाही. खोट याच्यात कधीच नव्हती.”

हे ऐकायला मी किती वर्षं थांबलो होतो! आणि ऐकलं तेव्हा मला आनंद व्हायला हवा होता. पण ते म्हणताना त्याला दोनदा श्वास घ्यावा लागला.

आता मी लुत्सियानच्या गॅरेजात आहे. त्याचे हात लोखंडासारखे, आणि धीर मुळीच नाही. फळी पुरती भिजायच्या आत वळवतो, पट्टी अशी आवळतो की जणू माझा गळाच दाबायचाय. आठवड्याला एक फळी फुटते. दर शनिवारी झेनॉन येतो, उपड्या खोक्यावर बसतो, हात गुडघ्यांमध्ये धरून सांगत राहतो. “थांब, अजून भिजू दे. तिथे काप दे. दोन्हीकडे सारखं.” सगळं बरोबर सांगतो. पण आजाराने त्याचा आवाजही बारीक केलाय आणि लुत्सियानचा रेडिओ बेसबॉलच्या सामन्याने दणाणत असतो. “काय म्हणालात, मेव्हणे?” असं तो विचारतो आणि उत्तराआधीच पट्टी ओढतो.

झेनॉन पुन्हा सांगायला तोंड उघडतो. मग मिटतो. गेल्या शनिवारी त्याने पुन्हा सांगितलंच नाही.

माझं एकच मागणं आहे. लुत्सियान, तो रेडिओ बंद कर. मला तोंड नाही, पण त्याला अजून आहे.