चिठ्ठीशिवायची गोळी

कार्तिकातला मंगळवार. केवळरामच्या अंगणात शिंगाड्यांचा हंडा चुलीवर चढला होता आणि त्याची बायको सखाबाई लाकडं सारता सारता तिघांना एकदम हुकूम सोडत होती. नवरा कानानं अधू, त्यामुळे ऐकायचा नाही. मुलगा खेमराज ऐकायचा आणि विसरायचा. उरली सून दुर्गा. तीन हुकमांतले अडीच तिच्याच वाट्याला यायचे, हे शेजारणींनाही पाठ होतं.

दुर्गाला आठवा महिना होता. सकाळी दोन तास कमरेइतक्या पाण्यात उभी राहून ती शिंगाडे तोडून आली होती.

“माय, पाय पाहा ना. चप्पल जाऊन नाही राहिली. हे पाय माहे नाहीच, कोनाचे तरी उसने आनल्यासारखे वाटते.”

“पान्यातल्या बाईचे पाय फुगतेतच,” सखाबाई म्हणाली. “मले चार झाले. चारही वेळा असेच फुगले. तू का नवीनच पोटुशी हाय का?”

दिघोरीकडच्या त्या मासेमारांच्या मोहल्ल्यात हे शास्त्र पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. शेतकऱ्याच्या घरी सुजलेले पाय पाहून कोणी तरी दचकलं असतं. इथे सूज म्हणजे बाई कामाची असल्याचा दाखला.

दुपारी दुर्गा तपासणीला उपकेंद्रात गेली. तिथली रिता सिस्टर भंडाऱ्याची. चार वर्षांची नर्सिंगची पदवी, वर सहा महिन्यांचं प्रशिक्षण, औषधशास्त्रात वर्गात पहिली. कोणतं औषध पोटातल्या बाळाला चालतं, कोणतं चालत नाही, हे तिला झोपेतून उठवून विचारावं. रिताने दुर्गाचा रक्तदाब दोनदा मोजला. दीडशेवर शंभर. लघवीच्या तपासणीची पट्टीही हिरवी झाली, म्हणजे लघवीतून प्रथिनं जात होती.

“डोकं दुखते का गं?”

“दुखते, पन सासू बोलली का जास्त दुखते,” दुर्गा हसली.

रिता हसली नाही. तिच्या कपाटात नेमकी गोळी होती. पण ती सुरू करायची तर आदेश डॉक्टरांचा हवा. डॉक्टर एकटे, आणि दोन केंद्रं सांभाळत होते. फोन सव्वा तासानं लागला. त्यांनी सांगितलं, सकाळ-संध्याकाळ एकेक सुरू करा, गुरुवारी माझ्याकडे पाठवा. रिताने चौदा गोळ्या कागदी पाकिटात घातल्या आणि तीनदा समजावून दिल्या. लिहून मात्र काही दिलं नाही. मागे एकदा तिने कागदावर गोळीचं नाव आणि वेळ लिहून खाली सही केली होती, तेव्हा वरून तोंडी समज आली होती : सिस्टर, चिठ्ठी लिहिणं तुमचं काम नाही.

आता गावाचा कायदा पाहा. सुनेचं औषध सासूच्या हाती राहतं, हे पहिलं कलम. आणि ज्या औषधाला चिठ्ठी नाही ते औषध नाही, हे दुसरं. चिठ्ठी देवाच्या फोटोमागे खोचायची आणि औषध तिच्या भरवशावर घ्यायचं. सरकारी फुकटची गोळी, तीही बाईच्या हातची, कागदाविना म्हणजे कुंकवाविना सवाष्ण.

“चिठ्ठी कुठी हाय?” सखाबाईनं पाकीट उलटंपालटं करून विचारलं.

“सिस्टर नाही लिहून देत. त्याइले लिहाची परवानगी नाही म्हनते.”

“पाह्य! जिले लिहाची परवानगी नाही तिची गोळी तू खाशीन? पोटात लेकरू हाय बाई. भैय्याजीले दाखवू, मंग घे.”

पाकीट मिठाच्या बरणीशेजारी गेलं. दुर्गानं त्या संध्याकाळी एकदा मागितलं, बुधवारी एकदा मागितलं. तिसऱ्यांदा मागितलं नाही. सुनेनं तिसऱ्यांदा काही मागण्याची त्या घरात रीत नव्हती.

भैय्याजी म्हणजे मोटरसायकलवरचे डॉक्टर. नागपुरात एका औषधाच्या दुकानात तीन वर्षं खोके उतरवले, एवढंच त्यांचं वैद्यकीय शिक्षण. बॅगेत पाच औषधं, त्यांवर पन्नास आजार बरे करायचे. पण त्यांच्याजवळ छापील पॅड होतं, त्यावर सापाचं चित्र होतं, आणि अक्षर असं की वाचता येणाऱ्यालाही अडाणी झाल्यासारखं वाटावं. गावाला आणखी काय हवं? बोलायलाही माणूस गोड. म्हातारीला ‘आई’ म्हणायचा. लोकांचा जीव जाईल असं त्याच्या मनात कधी आलं नसेल, कारण जीव कशानं जातो हेच त्याला ठाऊक नव्हतं.

गुरुवारी शिंगाड्याची गाडी भरायची होती. डॉक्टरांकडे जाणं राहिलं.

शुक्रवारी सकाळी रिता स्वतः घरी आली. दुर्गा खाटेवर पडून होती. चेहरा फुगलेला.

“सिस्टर, डोयापुढं चांदन्या दिसून राहिल्या. दिवसाच!”

एकशे साठवर एकशे दहा.

“मावशी, गोळ्या देता ना हिला?”

“देतो ना,” सखाबाई म्हणाली. खोटं बोलायचं म्हणून ती खोटं बोलली नाही. भैय्याजींनी पाहिलं की द्यायच्याच होत्या, फक्त हो थोडं आधी म्हणून टाकलं.

त्या एका शब्दानं रिताचा हिशेब चुकला. गोळी चालू असून रक्तदाब वाढला म्हणजे गोळी पुरत नाही. दुसरं औषध तिच्या पिशवीत होतं. किती द्यायचं, कसं द्यायचं, सगळं ठाऊक. आदेश नव्हता. तिने डॉक्टरांना तीन फोन केले, तिन्ही वेळा उत्तर नाही. मग ती खेमराजकडे वळली.

“भाऊ, हिला आत्ताच्या आत्ता भंडाऱ्याला न्यायचं. मी गाडी बोलावते. उशीर केला तर दोघं जातील.”

खेमराज घाबरला. त्यानं आईकडे पाहिलं.

“भैय्याजी येऊनच राहिले,” सखाबाई म्हणाली. “त्याइनं म्हटलं त नेऊ. तू नर्स हायेस बाई. वाईट नको मानू. पन डाक्टरचा शब्द डाक्टरचा.”

“ते डॉक्टर नाहीत हो, मावशी!”

“मंग तू हायेस का?”

रितानं पुन्हा फोन काढला. आता घरातली रेंजही गेली होती. ती गाडी बोलवायला तलावाच्या उंच पाळीकडे धावली. पाळीवर तिला वीस मिनिटं लागली. तेवढ्यात मोटरसायकल आली, डोकेदुखीचं इंजेक्शन झालं, ताकदीची म्हणून सलाईन लागली आणि सापाच्या चित्राखाली चार ओळींची चिठ्ठीही लिहून झाली.

रिता परतली तेव्हा अर्धी बाटली आत गेली होती आणि दुर्गाचे दात वाजत होते. मग सगळं शरीर धनुष्यासारखं ताठलं. भैय्याजी बॅग उचलून मागच्या दारानं गेले.

रितानं कोणालाही न विचारता सलाईन काढली, दुर्गाला कुशीवर वळवलं, झटक्यांवरची दोन इंजेक्शनं दिली. जीव जाताना देण्याची तिला मुभा होती. जीव जाऊ नये म्हणून देण्याची नव्हती. गाडी आली. पवनी गाव मागे पडलं तेव्हा दुर्गानं एकदा डोळे उघडले.

“माय ओरडन... शिंगाडे शिजवाचे राहिले.”

एवढंच. भंडारा यायच्या आत ती गेली. पोटातलं बाळही गेलं.

बाविसाव्या दिवशी तालुक्याच्या ठिकाणी चौकशीची बैठक बसली. टेबलामागे पाच जण. दोन केंद्रांचे ते डॉक्टरही होते. डोळे सुजलेले, मान खाली. त्या शुक्रवारी ते दुसऱ्या केंद्रात एका अडलेल्या बाईजवळ होते. ती वाचली होती.

सखाबाईनं मिठाच्या बरणीजवळचं पाकीट आणून टेबलावर ठेवलं. मोठ्या साहेबांनी गोळ्या मोजल्या. चौदा.

“आजी, एकही दिली नाही? घरात औषध असून?”

“नाही देल्ली.”

“का?”

सखाबाईनं रिताकडे पाहिलं, मग साहेबांकडे.

“हे पोरगी खरी होती त तुम्ही हिले कागद काहून नाही देल्ला, साहेब? तो लबाड गावभर लिहित फिरे, त्याचा हात कोनी नाही धरला. हिचा धरला. आम्ही अडानी मानसं. ज्याच्या हाती कागद, त्याले डाक्टर समजलो.” तिनं पाकिटावर हात ठेवला. “माही चूक मले मालूम हाय. मी ते सरनावर संग नेईन. तुमची कोन नेईन?”

मोठ्या साहेबांनी पाकीट बाजूला सारलं. मग कारकुनानं कारणाच्या रकान्यात लिहिलं : कुटुंबाचे अज्ञान व उपचारास विलंब. सखाबाईला वाचून दाखवलं. तिनं मान हलवली आणि अंगठा उठवला. तो कागद रितापुढे आला.

“सही, सिस्टर,” मोठे साहेब म्हणाले.

“आजींनी विचारलं ते लिहिलं नाही, सर.”

“अहो, तो प्रश्न झाला. इथे कारण लिहायचं असतं.”

“तेच कारण आहे.”

“सिस्टर, तुमची नोकरी कंत्राटी आहे. विचार करून बोला.”

रितानं पेन टेबलावर ठेवलं. सखाबाईजवळची खुर्ची ओढून ती बसली. म्हातारीचा शाई लागलेला अंगठा तिनं हातात घेतला.

“आजींचं तुम्ही लिहा, सर,” ती म्हणाली. “मी थांबते.”