पाण्यातून वर येताना

कॅमेरा मुठीत मावेल एवढा, पिवळाधम्मक आणि पाण्यात बुडवला तरी चालणारा. नोव्हलेटच्या टोरांटोच्या मावसबहिणीनं तो जहाजानं येणाऱ्या सामानाच्या पिंपातून पाठवला होता, तांदूळ, साबण आणि माशांच्या डब्यांमध्ये खुपसून. सोबत निरोप होता: वापरून बघ, कसा आहे ते स्पष्ट सांग, चांगला निघाला तर चर्चसाठी आणखी एक पाठवते.

नोव्हलेटचं मत एका रविवारातच तयार झालं, आणि ते चारचौघांत बोलण्यासारखं नव्हतं.

गावातल्या चर्चचे बाप्तिस्मे नदीच्या वळणावर होत, कमरेएवढ्या पाण्यात. फोटो काढायला नोव्हलेटही पाण्यात उतरायची. लोकांना फोटो एकच हवा असतो: पास्टर ग्रँडिसननी मागे झुकवून बुडवलं आणि माणूस निथळत वर आला, तेव्हाचा चेहरा. तो क्षण हुकला की हुकला. गेल्या खेपेला सिस्टर मर्डेल वर आली, नोव्हलेटनं बटण दाबलं आणि कॅमेरा 'टुइं' करून बंद पडला. फोटोचं बटण आणि चालू-बंदचं बटण शेजारीशेजारी, एकाच मापाची, सारखीच गुळगुळीत. ओल्या बोटाला फरक कळणार कसा? ज्यानं ही बटणं बसवली तो माणूस आयुष्यात नदीत उतरला नसणार. मर्डेल म्हणाली, "पास्टर, पुन्हा बुडवा." पास्टर म्हणाले, "बाई, हे एकदाच असतं." तेव्हापासून मर्डेलनं नोव्हलेटशी अबोला धरला होता.

आणि आता या रविवारी आयव्होरीन मावशी पाण्यात उतरणार होती.

नोव्हलेटला लहानाचं मोठं केलं ते या मावशीनं. तिला बाप्तिस्मा घ्यायचा होता चाळीस वर्षांपासून, पण बिनलग्नाचा संसार असेल तर चर्च पाण्यात उतरू देत नाही, आणि लासेल्सकाका लग्नाचं नाव काढलं की दुकानात डॉमिनो खेळायला निघून जायचा. शेवटी गेल्या महिन्यात, डोक्यावरचे केस संपल्यावर, गडी लग्नाला सूट घालून उभा राहिला. मावशीनं नोव्हलेटला जवळ बसवून सांगितलं होतं, "नोवी, मला भेटबिट काही नको. मी वर येताना कशी दिसते, तेवढं दाखव."

म्हणून शनिवारी दुपारी तिनं काकाला नदीवर ओढत नेलं.

"उतरा काका."

"मी? माझा काय संबंध? लग्न केलं ना? माझा कोटा संपला."

"मावशीसाठी."

"तुझ्या मावशीसाठी पायाला चावणारे बूट घातले, सगळ्या गावासमोर 'हो' म्हणालो. आता जीव देऊ का?" असं म्हणेपर्यंत त्यानं शर्ट काढून झुडपावर टाकलाही होता.

काका नाक धरून बुडला, वर आला. 'टुइं.' कॅमेरा बंद.

"झालं?"

"नाही. परत."

दुसऱ्या वेळी अंगठा लांबचं जवळ आणणाऱ्या खिट्टीवर घसरला आणि फोटोत काकाचा फक्त कान आला. "छान! कानाचा बाप्तिस्मा झाला. उरलेला माणूस नरकात." तिसऱ्या वेळी अख्खा माणूस आला, पण उकडलेल्या कोळंबीसारखा गुलाबी. कॅमेऱ्याच्या पाठीवर एक चकती होती, बाहीचा धक्का लागला तरी फिरणारी. ती माशाच्या चित्रावर जाऊन बसली होती. माशाचं चित्र म्हणजे पाण्याखालचे फोटो, आणि ते काढताना कॅमेरा आपणहून लाली ओततो.

काकानं स्वतःचा फोटो पाहिला आणि तोंड वाकडं केलं. "दुकानात कुणाला दाखवलास तर बघ. डॉमिनोला बसू देणार नाहीत मला."

नोव्हलेट काठावर बसली. सायकलच्या जुन्या ट्यूबचा एक बारका तुकडा कापून तिनं पंक्चरच्या सोल्यूशननं फोटोच्या बटणावर चिकटवला. दुसऱ्या तुकड्याची पट्टी करून चकतीवर घट्ट ओढली. डोळे मिटून अंगठा फिरवला. खरबरीत म्हणजे फोटो, गुळगुळीत म्हणजे गप्प बस. आता ठीक.

"काका, शेवटचं. पण बेडकासारखी बुडी नको. पास्टर मागे झुकवतात तसं."

"मला शिकवू नकोस," काका म्हणाला. त्यानं मनगटं छातीवर एकावर एक ठेवली, डोळे मिटले आणि हळूच मागे गेला. वर आला तेव्हा चेहऱ्यावर थट्टा नव्हती. पाणी कपाळावरून उतरत होतं आणि तो नुकतीच झोपेतून जाग आल्यासारखा आभाळाकडे बघत होता. अंगठा बरोबर खरबरीत जागी पडला.

"एवढं अगदी बरोबर कसं माहीत तुम्हाला?"

"काठावर बसायला बंदी आहे का?" काका खेकसला. "चाळीस वर्षं बघतोय. एक बाप्तिस्मा चुकवला नाही." मग त्यानं फोटो पाहिला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाला, "खोडून टाक."

खोडायचं बटण इतकं बारीक आणि खोल की नख घालावं लागायचं. नोव्हलेटची नखं भांडी घासून झिजलेली. तिनं प्रामाणिकपणे दोनदा दाबून पाहिलं. तिसऱ्यांदा दाबावंसं वाटलं नाही.

"खोडला," ती म्हणाली.

रविवारी काठ गाण्यानं दणाणत होता. मावशी पांढरा झगा आणि पांढरं फडकं बांधून पाण्यात शिरली. काका लग्नाच्या सुटात आंब्याखाली उभा. पास्टरनी मावशीला मागे झुकवलं आणि नोव्हलेटनं कॅमेरा वर धरला. मावशी वर आली ती हसतच, तोंड उघडं, पापण्यांवर पाणी, लहान पोरीसारखी. अंगठा खरबरीत जागी होता. फोटो आला. झगा पांढरा, चेहरा अख्खा. नोव्हलेटला पाण्यातच रडू फुटलं.

नंतर चर्चच्या अंगणात तळलेले मासे आणि भाजलेला नीरफणस वाढला जात होता, तेव्हा मावशीनं कॅमेरा मागितला. स्वतःचा चेहरा डोळे भरून पाहिला. "बरी दिसते की गं मी," म्हणाली. मग तिचं ओलं बोट भलत्याच बाणावर पडलं आणि आदल्या दिवशीचा शेवटचा फोटो समोर आला.

"हा कोण?"

काका ताट घेऊन येत होता. त्यानं वाकून पाहिलं आणि नीरफणसाचा तुकडा खाली पडला. "ते… मशीन तपासत होतो आम्ही. पोरी, खोडला म्हणालीस ना?"

"बटण नीट लागत नाही, काका."

"टोरांटोच्या बहिणीला सांग," मावशी म्हणाली, "बाकी काय सुधारायचं ते सुधारा म्हणावं. ते बटण मात्र असंच राहू दे." तिची नजर कॅमेऱ्यावरून हलत नव्हती. "लासेल्स, लग्नासाठी थांबले होते असं वाटलं होय तुला? मी या चेहऱ्यासाठी थांबले होते."

काका बाकावर बसला, माशाचा काटा काढत राहिला, काटा संपला तरी काढत राहिला.

"पास्टर पुन्हा कधी उतरणार नदीत?" त्यानं ताटाकडे बघत विचारलं.

"ईस्टरला," नोव्हलेट म्हणाली.

"गार असतं पाणी ईस्टरला." मग तो तिच्याकडे वळून हळू आवाजात म्हणाला, "नोवी, ती माशाची चकती घट्ट बांध. सगळ्या गावासमोर मला गुलाबी करू नकोस."